देवाच्या वळूची पावती

हत्तीला दिवसाला किती चारा लागतो, हे मला ठाऊक आहे. मी माहूत नाही, सर्कशीत कधी नव्हतो, वनखात्याशी माझा संबंध नाही. मी ग्रामसेवक. कराड तालुक्यात, उंब्रजच्या अलीकडे महामार्गाला चिकटलेल्या एका गावात मी सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत त्या गावात हत्ती सोडा, हत्तीचं चित्र काढलेला टेम्पोसुद्धा थांबला नाही. तरीही एके दिवशी 'कोंडवाड्यात हत्तीच्या चाऱ्याची तरतूद करणेबाबत' असा अर्ज माझ्या टेबलावर आला. मी हसून तो बाजूला ठेवला. पुढचे चार महिने दर सोमवारी त्याचं स्मरणपत्र येत राहिलं. शेवटी मी मोबाईलवर शोधून आकडा काढला, कागदावर लिहिला, शिक्का मारला आणि देऊन टाकला. तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

अर्ज करणारे गृहस्थ म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याचे राखणदार. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. फौजेत ते खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरमाथ्यावर खेचरांच्या पाठीवरून रसद चढवायची, हे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. निवृत्त होऊन गावी आले आणि आठवड्याभरात कोंडवाड्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले. त्या जागेवर त्यांच्याआधी कुणीच नव्हतं. कोंडवाडा म्हणजे दगडी भिंतीचं एक मोकळं आवार, मधे एक लिंबाचं झाड, एक पाण्याची डोण. मोकाट सुटलेलं जनावर कुणाच्या पिकात शिरलं की त्याला आणून इथं कोंडायचं, मालकानं यायचं, दंड भरायचा, सही करायची आणि जनावर घेऊन जायचं, अशी ती इंग्रजांच्या वेळची व्यवस्था. गाव ती विसरून गेलं होतं. हवालदारांनी तिची आठवण करून दिली आणि माझ्या डोक्यावरचे केस पातळ व्हायला त्याच सुमारास सुरुवात झाली.

त्यांच्याकडे कायद्याचं एक जीर्ण पुस्तक होतं. कव्हर गेलेलं, पानं शिवलेली. ते त्यांनी पाठ केलं होतं.

"हवालदार, हत्ती कशाला येईल इथं?" मी त्यांना विचारलं होतं.

"कायद्यात हाय, भाऊसाहेब." आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. "हत्ती हाय, उंट हाय, खेचर हाय, गाढव हाय. उद्या हत्ती आला आन मी म्हनलो चारा न्हाई, तर ती जबाबदारी कुनाची?"

"आणि कोंबडी?"

"कोंबडी न्हाई."

हे फार महत्त्वाचं होतं. गावातली निम्मी भांडणं कोंबड्यांवरून व्हायची. एकीची कोंबडी दुसरीच्या वाळवणात शिरली की दोघी तावातावानं कोंडवाड्यावर यायच्या. हवालदार पुस्तक उघडायचे, यादीवरून बोट फिरवायचे आणि मिटायचे. "कायद्यात न्हाई. घरी जावा." त्या बायका मग माझ्याकडे यायच्या. कोंबडी माझ्या टेबलावर ठेवली जायची.

सकाळी साडेनऊला मी कार्यालयाचं कुलूप काढतो न काढतो तोच हवालदार समोर उभे. खाकी टोपी, टाचा जुळलेल्या.

"कोंडवाडा रिपोर्ट. आत शून्य. बाहेर एक."

"बाहेर एक कोण?"

"मी."

हा रिपोर्ट रोज. कोंडवाडा रिकामा असला तरी रोज. मी रजेवर असलो तर फोनवर. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात अक्षता पडत असताना मला तो रिपोर्ट आला आहे.

आत जनावर असलं तर विचारायलाच नको. त्यांच्या नोंदवहीत मी स्वतः वाचलेली ओळ अशी: 'बोकड, एक. रंग काळा. डाव्या कानास खाच. चेहरा रागीट.' मी म्हटलं, चेहऱ्याची नोंद कशाला? तर म्हणाले, वर्णन लिवा म्हनलंय, मग अर्धं कसं लिवायचं. आत असलेल्या जनावराशी ते आवं-जावं करून बोलायचे, कारण ते सरकारी ताब्यात. बाहेर उभ्या असलेल्या मालकाशी अरं-तुरं. "आवं, जरा सरका, पानी पिऊ द्या त्या शेळीला," असं म्हशीला सांगून ते तसेच वळून मालकाला म्हणायचे, "तू हुबा ऱ्हा रं तितंच."

आणि ती दवंडी. जनावराला मालक मिळेना तर गावात आणि जवळच्या बाजारात ताशा वाजवून पुकारा करायचा, असं पुस्तकात होतं. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यात सातशे माणसं होती, शेळीचा फोटो टाकला असता तर मालक दहा मिनिटांत सापडला असता. मी तसं सुचवलं.

"त्यात ताशा वाजतो का?" त्यांनी विचारलं.

वाजत नव्हता. गावातला हलगीवाला लग्नसराईत बाहेरगावी असायचा, म्हणून हवालदार तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून स्वतः निघायचे. एका मरतुकड्या शेळीसाठी उंब्रजच्या बाजारात डबा बडवत फिरणारा हा आमच्या ग्रामपंचायतीचा कर्मचारी आहे, हे तिथल्या लोकांना सांगताना माझी मान किती खाली जायची, ते माझं मला माहीत.

इतकं सगळं मी सहन केलं. कुरकुर केली, पण सहन केलं. मग त्यांनी देवाला कोंडलं.

म्हणजे देवाच्या वळूला. पण त्या आठवड्यात गावात कुणी 'वळूला' असं म्हणत नव्हतं.

आमच्या गावाचा देव भैरोबा. त्याला सोडलेला एक पांढराशुभ्र वळू गावभर मोकळा फिरायचा. वासरू असताना कुणीतरी नवसाचा म्हणून सोडला होता, कुणी ते आता कुणालाच आठवत नव्हतं. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, हाकलायचं नाही. तो शिरेल तिथं खाईल आणि ज्याच्या पिकात शिरला त्यानं हात जोडून म्हणायचं, देवानं घास घेतला. मोठा देखणा प्राणी होता. चालायचा असा, की मागून वाजंत्री यावी. यात्रेच्या दिवशी पाठीवर झूल घालून तो पालखीच्या पुढं चालायचा. तो पुढं असल्याशिवाय पालखी हलत नसे.

देवाचे घास वर्षानुवर्षं वाढत चालले होते. कुणाचा हरभरा, कुणाचा मका, कुणाचं कोवळं ऊसबेणं. मनातून सगळे वैतागले होते, पण बोलायचं कोण? सरपंच प्रत्येक ग्रामसभेत सांगायचे, "देवाचा हाय तो. देवाला का न्हाई म्हनायचं?" सरपंच देवस्थानाचेही कारभारी होते. देवाच्या नावानं नदीकाठाला चार एकर काळीभोर जमीन होती, ती सरपंचांच्या घराण्याच्या वहिवाटीत होती, आणि तिच्यात ऊस असायचा. त्या उसाला मात्र तारेचं कुंपण होतं. देवाच्या जमिनीत देवाचा वळू कधी शिरू शकला नाही, ही गोष्ट गावात कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही.

यात्रा पाच दिवसांवर आली असताना वळू आक्काच्या झेंडूत शिरला.

आक्का म्हणजे ओढ्याच्या कडेला दहा गुंठे करणारी एक एकटी म्हातारी. बाकी कुठलं पीक ती घेत नसे. यात्रेसाठी झेंडू लावायची, भल्या सकाळी तोडायची, देवळासमोर बसून विकायची. पुढचं वर्ष त्या झेंडूवर निघायचं. वळू देवळामागं टाकलेले हार खाऊन वाढलेला, त्याला झेंडूची चटक लागलेली. त्यानं निम्मा मळा खाल्ला आणि निम्म्यावर लोळला.

दुसरं कुणी असतं तर हात जोडून रडलं असतं. आक्कानं उरलेली फुलं टोपलीत भरली, टोपली कमरेवर घेतली आणि वळूच्या नाकासमोरून चालायला लागली. मागून वळू. भर सकाळी, भर बाजारपेठेतून, म्हातारी पुढं आणि देवाचा वळू मागं. लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते. त्यांना वाटलं, काहीतरी नवस असेल. ती थेट कोंडवाड्यात शिरली, टोपली आत ठेवली, बाहेर आली आणि फाटक ओढून घेतलं.

"हवालदार, माझ्या पिकात सापडलाय. घ्या ताब्यात."

"किती वाजता सापडला?"

"सात वाजता."

"चोवीस तासांच्या आत आनलायस. कायदेशीर हाय," हवालदार म्हणाले, आणि त्यांनी पावती फाडली.

अर्ध्या तासात मी तिथं पोहोचलो तेव्हा फाटकापुढं अख्खं गाव होतं. भिंतीवरून वळू बघत होता, तोंडात झेंडू. सरपंच घाम पुसत होते.

"हवालदार, सोडा त्याला. देवाचा हाय तो."

"मालकाला सही करायला लावा, लगीच सोडतो."

"अरं, देव कशी सही करनार?"

"मग मालकाच्या वतीनं कोन करतंय? तुमी करता?"

सरपंचांनी मागं वळून गर्दीकडे बघितलं. त्या एका क्षणात त्यांना काय दिसलं असेल, ते मला दिसलं. गर्दीत हरभऱ्यावाला होता, मक्यावाला होता, ऊसबेण्यावाला होता. कारभारी म्हणून सही केली, म्हणजे वळू देवस्थानचा असं कागदावर आलं. मग आक्काच्या झेंडूपासून सगळ्यांचे जुने घास त्या चार एकरांच्या दारात येऊन उभे राहणार.

"माझा काय संबंध?" सरपंच म्हणाले. "वळू गावाचा हाय."

"मग गावातलं कोनबी एक येऊ दे म्होरं," हवालदार म्हणाले.

गाव दोन पावलं मागं सरकलं.

"सही न्हाई झाली तर सात दिवसांनी पोलिसात रिपोर्ट, मग दवंडी, मग लिलाव," असं सांगून हवालदार वळूकडे वळले. "आवं, जरा सावलीत बसा."

पुढच्या चार दिवसांत मला किती जणांनी किती वेळा गाठलं, सांगत बसत नाही. गुरव येऊन गेले, तरुण मंडळ येऊन गेलं, यात्रा कमिटी दोनदा येऊन गेली. सगळ्यांना वळू बाहेर हवा होता आणि एकालाही सही करायची नव्हती. मी हवालदारांपुढं हात जोडले.

"हवालदार, एवढ्या एका वेळेस पुस्तक बाजूला ठेवा. यात्रेचं बघा."

"बरं," ते म्हणाले. मला वाटलं, पाघळले. "तुमी सही करा. मालक म्हनून. मी आत्ता सोडतो."

ज्यानं गावभर खाल्लं त्या वळूचा मालक व्हायचं मी ठरवलं असतं तर माझ्या निवृत्तीपर्यंत भरपाया चालल्या असत्या. मी घरी गेलो.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी सरपंचांनी मला बोलावून घेतलं. कमिटीतले दोघं बसले होते. "भाऊसाहेब, ठराव झालाय. आदेश टाईप करा. उद्या सकाळी पालखी निघायच्या आत वळू बाहेर, न्हाईतर हवालदार बाहेर. सही करूनच ठेवा, उद्या गडबडीत ऱ्हायला नको."

मी टाईप केला. 'कोंडवाडा राखणदार यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे.' दोन ओळींचा कागद. सही करताना मी स्वतःला सांगितलं, ही वेळ येणारच नाही, हवालदार शहाणे आहेत. हवालदार शहाणे नाहीत हे इतकी वर्षं रोज साडेनऊला मला कळत आलं होतं. तरी मी सही केली, कारण सरपंचांशी वाकडं घ्यायची माझी छाती नव्हती. कागद पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार फौजेतला जुना गणवेश घालून, छातीवर पदकं लावून फाटकाशी उभे होते. पोट जरा बाहेर आलं होतं, बाकी कडक. मी त्यांना बाजूला घेतलं.

"हवालदार, माझ्या पिशवीत काय आहे माहीत आहे का?"

"गावाला माहीत हाय," ते म्हणाले. "भाऊसाहेब, एक सांगू? खेचराच्या पाटीवर वझं घालतो तवा दोन्ही बाजू सारख्या बांदाव्या लागत्यात. एक बाजू हलकी ठिवली तर खेचर दरीत जातं. ती म्हातारी हलकी बाजू हाय. एवडंच."

हे बोलून ते परत फाटकाशी जाऊन उभे राहिले. सहा वर्षांत कायद्याचं पुस्तक न उघडता ते बोललेलं एवढंच.

आणि हलग्या वाजायला लागल्या. पालखी वळूशिवायच निघाली होती आणि तिचा मार्ग कोंडवाड्यावरूनच जात होता. गुलालानं लाल झालेली माणसं, खोबऱ्याची उधळण, सासनकाठ्या, आणि फाटकासमोर आल्यावर पालखी थांबली. खांदेकरी म्हणाले, जड झाली. देव हलेना. गर्दीतून आवाज आला, "देव स्वतः न्यायला आलाय. काडा फाटक."

सरपंच पुढं झाले. त्यांचा आवाज आता चढला होता. "हवालदार, मालक दारात हाय. आता बोला."

हवालदारांनी टाचा जुळवल्या आणि पालखीला सलाम ठोकला. मग नोंदवही काखेतून काढली, शाईचा पॅड काढला, आणि गुरवाकडे गेले.

"देवाला इचारा, वळू तुजा हाय का?"

हलग्या बंद पडल्या. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला देवाचा कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही बाजूंना एकेक कळी ओल्या कुंकवानं चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पोरीचं लग्न, विहिरीची जागा, भावाभावांतली वाटणी, सगळं गाव त्या कळ्यांवर सोपवत आलं होतं. मग याला नाही कोण म्हणणार? सरपंचांनी म्हणायचा प्रयत्न केला.

"कौल देवळात लावत्यात. रस्त्यावर न्हाई."

"देव रस्त्यावर आलाय," आक्का म्हणाली. ती गर्दीच्या कडेला रिकामी टोपली घेऊन उभी होती. "तुमीच म्हनला आत्ता."

गुरवांनी सरपंचांकडे बघितलं, मग गर्दीकडे बघितलं, आणि पालखीतल्या मुखवट्याला दोन कळ्या लावल्या. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "बा भैरोबा, वळू तुझा आसंल तर उजवा दे. तुझा नसंल तर डावा दे, म्हंजे लिलाव हुईल."

मी आयुष्यात पुष्कळ निकालांची वाट बघितली आहे. बारावीचा, बदलीचा, सासऱ्यांच्या बायपासचा. पण त्या दहा मिनिटांसारखी वाट मी कधी बघितली नाही. उन्हात दोन हजार माणसं दोन कळ्यांकडे बघत होती. सरपंचांचा जीव उजव्या कळीवर होता, म्हणजे ती पडू नये म्हणून. पण डावी पडली तर देवाचा वळू बाजारात जाणार आणि ते पाप त्यांच्याच कारकिर्दीत लिहिलं जाणार. त्यांनी कुठल्या कळीसाठी नवस बोलावा हेच त्यांना ठरवता येईना, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी पिशवी छातीशी धरली होती. आत वळूनं एक लांबलचक डुरकी फोडली.

उजवी कळी पडली.

जो जल्लोष झाला त्यात हवालदारांचा आवाज मला एकट्यालाच ऐकू आला असावा, कारण मी शेजारी होतो. नोंदवहीत 'मालकाचे नाव' या रकान्यात लिहिता लिहिता ते पुटपुटत होते, "श्री भैरोबा. राहणार, इथलेच."

मग त्यांनी वही सरपंचांसमोर धरली. "मालक सापडला. मालकाच्या जमिनीचा कारभार तुमी बगता. करा सही."

देवानं सगळ्यांच्या देखत हो म्हटल्यावर सरपंच नाही कसं म्हणणार? त्यांनी सही केली. हवालदारांनी सहीवर फुंकर मारली आणि आक्काला पुढं बोलावलं.

"नुकसान मालकाकडं माग, आक्का. काय मागतीस?"

आक्कानं रिकामी टोपली खाली ठेवली. तिच्या आजूबाजूला हरभऱ्यावाला, मक्यावाला, ऊसबेण्यावाला माना लांब करून उभे होते.

"माझी फुलं देवालाच चालली हुती, ती गेली," ती म्हणाली. "पुडच्या साली मला बियानं द्यायचं आन लावून द्यायचं. आन देवाच्या रानात चार सऱ्या वळूला चाऱ्याच्या लावायच्या. कुंपनाच्या भाईर. त्याला घरचं खायाला नगं का? उपाशी हाय म्हनून लोकाच्यात शिरतंय ते."

गावानं पाठ थोपटली ती आक्काची की देवाची, कळलं नाही, पण सरपंचांना दुसऱ्यांदा सही करावी लागली. मी पिशवीची चेन लावली.

गोष्ट इथं संपली असती तर मी हवालदारांना थोर माणूस म्हणून टाकलं असतं. पण त्यांनी फाटक उघडलं आणि वळू बाहेर येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाच दिवस वेळेवर चारा, पाणी आणि आवं-जावं मिळालं होतं. तो लिंबाखाली बसला तो बसला. पालखी खोळंबली. तरुण मंडळानं शेपटीला हात घातला तर त्यानं नुसतं बघितलं, मंडळ भिंतीवर. शेवटी पदकं लावलेले हवालदार मागून खांदा लावून ढकलत होते आणि म्हणत होते, "आवं, सही झालीया. आता आत ठिवनं बेकायदा हाय. निगा आता." वळू निघाला तो अर्ध्या तासानं.

त्या संध्याकाळी यात्रा पांगल्यावर वळू कोंडवाड्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. रोज येऊ लागला. देवाच्या रानात दिवसभर चरायचा आणि ऊन कललं की इथं येऊन फाटकाला कपाळ टेकवायचा.

"घ्या की आत," मी म्हटलं.

"कशावरनं? तक्रार न्हाई, नुकसान न्हाई. बिनागुन्ह्याचं कुनाला कोंडता येत न्हाई."

"अहो, त्याला स्वतःला यायचंय."

"कायद्यात जनावराचा अर्ज न्हाई."

आठ दिवस हवालदार आतून आणि वळू बाहेरून एकमेकांकडे बघत राहिले. मला ते बघवेना आणि सांगताही येईना. मग एका सकाळी मला दिसलं, की कोंडवाड्याच्या भिंतीला लागून हवालदारांचं जे परसू होतं, त्याचं काटेरी कुंपण त्यांनी स्वतः उपसून काढलंय. त्या परसातली कोथिंबीर त्यांनी कधी सख्ख्या सुनेला तोडू दिली नव्हती. आता तिथं वाफा करून मेथी पेरली होती. अगदी रस्त्याच्या कडेला.

मेथी वर आली. वळूनं संध्याकाळी मान खाली घातली आणि एक घास घेतला. हवालदार डोक्याला पंचा बांधून परसातून बाहेर आले, वळूला घेऊन फाटकाशी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या पिकात सापडलाय. घ्या ताब्यात." मग त्यांनी पंचा सोडला, खाकी टोपी घातली, फाटकाच्या आतल्या बाजूला गेले आणि विचारलं, "किती वाजता सापडला?"

मी एक अख्खा रविवार ते पुस्तक वाचण्यात घालवला. राखणदारानं स्वतःच तक्रारदार होऊ नये असं कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी वळू आत आणि रोज सकाळी सात वाजता सरपंच, देवाचे कारभारी म्हणून, दात न घासता सही करायला कोंडवाड्यावर. सरपंच त्याबद्दल मलाच बोलायचे. सकाळी साडेनऊचा रिपोर्ट आता लांबला होता. आत एक. सुटका एक. नुकसान मेथी, एक मूठ. भरपाई माफ.

त्या पहिल्या संध्याकाळी मी तिथंच होतो. टोपी चढवून हवालदारांनी पावतीपुस्तक उघडलं तर ते संपलेलं.

"भाऊसाहेब, कागद हाय का?"

मी पिशवीत हात घातला आणि हाताला आला तो कागद, न बघता, पुढं केला. दिल्यावर माझ्या लक्षात आलं, तो कुठला कागद आहे. परत मागून घ्यायला उशीर झाला होता. हवालदारांनी चष्मा नाकावर ओढून दोन्ही ओळी वाचल्या. खाली माझी सही होती, ती वाचली. वळू त्यांच्या खांद्यावरून बघत होता.

त्यांनी कागद उलटा केला. "ही बाजू कोरी हाय. चालंल," म्हणाले आणि लिहायला बसले. 'वळू, एक. रंग पांढरा. चेहरा समाधानी.' लिहून झाल्यावर त्यांनी कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"सही झ्याक हाय तुमची," ते म्हणाले. "हिकडंबी करा. साक्षीदार म्हनून."

आता माझी बदली सांगली जिल्ह्यात झाली आहे. इथं कोंडवाडा नाही, जनावरं हायवेच्या मधोमध बसतात आणि सकाळचे साडेनऊ कसे वाजून जातात ते कळतसुद्धा नाही. पण त्या गावच्या दप्तरात तो कागद अजून आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माझी सही आहे.